माहीमचा बांध आणि जाहीर दानाची परंपरा

सरकारांतून कोणास काय मिळालें आणि सरकारी कामास कोणीं काय दिलें, हे दोन प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास पावलोपावलीं पडतात. आपल्या संग्रहांतील कागदांचा मोठा भाग, म्हणजे सनदा, ताम्रपट, इनामपत्रें, मोईनजाबते, वर्षासनांच्या याद्या, ह्याच प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठीं लिहिला गेला. ते वाचतांना दान कोणीं दिलें, कोणास दिलें व केव्हां दिलें हें आपण काळजीपूर्वक पाहतों. परंतु तें दान त्या वेळीं कोणाकोणास कळविलें होतें, हा चौथा प्रश्न सहसा विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय हा चौथा प्रश्न होय.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. दानाची नोंद दोन प्रकारची असते. एक दप्तरांतली, दुसरी चव्हाट्यावरची. दप्तरांतील नोंद देणाऱ्याच्या व सरकारच्या उपयोगी पडते. चव्हाट्यावरील नोंद ज्यांच्यासाठीं दान दिलें त्यांच्या उपयोगी पडते. दानांत कांहीं अट घातलेली असल्यास, ती ज्यांच्या हितासाठीं घातली त्यांना ठाऊक असेल तोंवरच ती सुरक्षित राहते. ह्याचें मुंबईंतील बोलकें उदाहरण म्हणजे माहीमचा बांध. त्याची हकीकत पुढें दिली आहे. पण तिचें मर्म नीट ध्यानांत यावें म्हणून देश व कोंकण येथील जुन्या दानलेखांचा मागोवा आधीं घेणें अवश्य आहे.

१

नाशिकच्या लेण्यांपैकीं दहाव्या क्रमांकाचें लेणें नहपान विहार म्हणून प्रसिद्ध आहे. क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जांवई, दीनिकाचा पुत्र उषवदात, ह्याचे लेख तेथें भिंतीवर कोरलेले आहेत. त्यांतील एका लेखांत दानाचा तपशील पुढीलप्रमाणें सांगितला आहे. लेणें भिक्षुसंघास अर्पण करून त्यासोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेविली. त्यांपैकीं २,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक ह्या दरानें, व उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण ह्या दरानें गुंतविले. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं १२ कार्षापण द्यावयाचे.

हा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. २,००० कार्षापणांवर दरमहा शेंकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. आणि २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ म्हणजेहि २४०च. जमा व खर्च ह्यांचा मेळ इतका बरोबर आहे कीं, त्या लेण्यांत राहणारा कोणीहि भिक्षु भिंतीकडे बोट दाखवून आपल्या वांट्याचे १२ कार्षापण श्रेणीकडे मागूं शकला असता. लेखाच्या ओघांतच पुढें आणखी एक गोष्ट सांगितली आहे, व आमच्या विषयास तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रिवाजाप्रमाणें फलकवारांत नोंदलें, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे दान तीन ठिकाणीं झालें: नगरसभेंत मोठ्यानें वाचलें गेलें, दप्तरीं दाखल झालें, आणि दगडावर कोरलें गेलें. शिवाय 'रिवाजाप्रमाणें' हा शब्द सांगतो कीं, असें करणें ही उषवदाताची कांहीं खास लहर नव्हती. ती त्या नगराची चालत आलेली रीत होती.

तेथीलच तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचीं दोन आज्ञापत्रें कोरलेलीं आहेत. पहिलें त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचें. पूर्वीं उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनांचें शेत लेण्यांतील भिक्षूंस दिल्याचें तें पत्र आहे. दुसरें २४ व्या वर्षाचें. त्यांत म्हटलें आहे कीं, आधीं दिलेलें शेत पिकत नाहीं व तें गांवहि वसत नाहीं. म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं. एका राजानें आपलें आधींचें दान निरुपयोगी ठरल्याची कबुली आपल्या नांवानें, त्याच भिंतीवर, पहिल्या दानाच्या खालोखाल कोरून ठेविली आहे. पहिलें पत्र तसेंच राहूं देऊन दुसरें जोडलें, म्हणून दोन्हींचा ताळा पाहतां येतो. जाहीर नोंदीचा हा गुण दप्तरांतल्या नोंदींत आढळणें दुर्मिळ. तेथें चुकलेलें पान बहुधा बदललें जातें.

२

आतां मुंबईकडे येऊं. परळ येथें सांपडलेला शिलाहार राजा अपरादित्य ह्याचा शिलालेख शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा आहे. षट्षष्टि म्हणजे साष्टी. तेथील एका गांवांतल्या वाडीच्या ठराविक उत्पन्नापैकीं २४ द्रम्म वैद्यनाथ देवाच्या पूजेस लावून दिल्याची नोंद त्यांत आहे. रक्कम लहान आहे. परंतु लेखाची रचना पाहण्याजोगी आहे. दानाचा भाग संस्कृतांत आहे. शेवटीं मात्र भाषा बदलते, आणि हें शासन जो कोणी लोपील त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा भाला सकुटुंब पडो, अशा अर्थाचा शाप लोकांच्या बोलींत, म्हणजे त्या काळच्या मराठींत, दिला आहे. त्यासोबत गाढवाची शपथ आहेच.

संस्कृत भाग पंडितासाठीं व राजाधिकाऱ्यासाठीं. मराठी भाग वाडी कसणाऱ्यासाठीं, शेजाऱ्यासाठीं, वाटेनें जाणाऱ्यासाठीं. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांच्यासाठीं कोंकणांतील अशा दगडांवर चित्र कोरलेलें असतें. वर चंद्र व सूर्य, म्हणजे आचंद्रार्क हें दान चालावें. खालीं गाढव व स्त्री, म्हणजे मोडणाऱ्यास ही गति. आजच्या वाचकास हें चित्र ग्राम्य वाटतें, व कित्येक संपादकांनीं संकोचानें त्याचा उल्लेख ओझरताच केला आहे. परंतु त्या काळीं गांवांतील प्रत्येक माणसास, तो गुराखी असो कीं महत्तर असो, ही जमीन दानाची आहे व तिला हात लावूं नये हें एका दृष्टिक्षेपांत कळविण्याचें ह्याहून सोपें साधन नव्हतें. दानाचा खरा पहारेकरी राजा नव्हे, राजे बदलतात. तो दगड रोज पाहणारा गांवकरी हा पहारेकरी होय.

ह्याच्याशीं महिकावतीच्या बखरीची तुलना करून पाहावी. राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापलेल्या ह्या बखरींत बिंब राजानें महिकावतीस, म्हणजे माहीमास, राजधानी केल्याची व बरोबर आलेल्या कुळांस गांवें आणि वतनें वांटून दिल्याची हकीकत आहे. कुळांचीं व गांवांचीं नांवें तींत पुष्कळ आहेत. उत्तर कोंकणाच्या इतिहासास तिचें महत्त्व मोठें आहे; तथापि तींतील दानें घडल्यावर पुष्कळ काळानें लिहिलीं गेलीं, तींहि बहुधा त्या वतनांवर हक्क सांगणाऱ्यांच्या स्मरणांतून. शिवाय केळवें-माहीम व मुंबईचें माहीम ह्यांचा घोळ निस्तरण्याचें काम अभ्यासकांस करावें लागतें तें वेगळेंच. परळचा दगड २४ द्रम्मांचीच गोष्ट सांगतो, पण ज्या वर्षीं दान झालें त्याच वर्षीं, आणि ज्यांनीं तें पाळावयाचें त्यांच्या देखत सांगतो. साधन म्हणून दोहोंची योग्यता एक नव्हे.

३

मराठेशाहींत दगडाची जागा कागदानें घेतली असें सामान्यतः म्हणतात. हें खरें, परंतु अपुरें आहे. पेशवाईंतील इनामाची नोंद पाहिली तर एका दानाचीं एकाहून अधिक पत्रें निघालेलीं दिसतात. एक भोगवट्यासाठीं इनामदाराच्या नांवें. एक गांवच्या मोकदमास. एक परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस. एक त्या प्रांतींच्या वर्तमान व भावी अधिकाऱ्यांस. पत्राच्या शेवटीं ठराविक आज्ञा असते: प्रतिवर्षीं नवीन पत्राचा आक्षेप न करणें, ह्या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतोन देणें.

आपण ही आज्ञा इतक्या वेळां वाचलेली असते कीं तिच्या अर्थाकडे लक्ष जात नाहीं. तिचा अर्थ असा कीं, एका दानाची नोंद हुजुरांत, परगण्यांत, गांवांत व घरांत अशी चार ठिकाणीं असावी. एक जळाली वा हरवली तरी तीन उराव्या. आणि चौघांपैकीं एकानें खोटें केलें तर तिघांनीं त्यास धरावें. वाद पडलाच तर गोतसभा भरे, साक्षी होत, महजर होई, आणि निवाडाहि पुन्हा चारचौघांदेखत होई. दगड कागद झाला, पण चव्हाटा सुटला नव्हता.

हें सांगण्याचें एक व्यावहारिक कारण आहे. आपल्या त्रैमासिकांतून व खंडांतून सनदा छापतांना शेवटचा भाग 'नेहमींप्रमाणें' म्हणून गाळण्याची पद्धत पडली आहे. जागा वांचते हें कबूल. पण जो भाग गाळला जातो त्यांतच हें दान कोणास कळविलें होतें ह्याचें उत्तर असतें. कोणत्या पत्रांच्या किती प्रती निघाल्या, मोकदमास पत्र गेलें कीं नाहीं, ही माहिती एकदां गळली कीं ती परत मिळविणें अस्सल कागद हातीं असेल तरच शक्य असतें.

४

माहीम व मुंबई येथें मात्र सोळाव्या शतकापासून निराळा प्रवाह आला. गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्याच्याशीं १५३४ सालीं झालेल्या तहानें वसईसह हीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. त्यांचा खजिन्यावरील अधिकारी सिमांव बोतेल्यु ह्यानें १५५४ सालीं हिंदुस्थानांतील पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची व नेमणुकांची मोठी नोंदवही तयार केली. गांवोगांवचीं उत्पन्नें, खंड, देणग्या ह्यांचा इतका व्यवस्थित तपशील त्या काळच्या दुसऱ्या साधनांत क्वचितच मिळतो. परंतु ती वही लिस्बन येथें छापून निघाली १८६८ सालीं. तीनशेंहून अधिक वर्षें ती सरकारच्या कामाची होती. ज्यांच्या शेतांचा आंकडा तींत होता त्यांच्या कामाची नव्हती.

इंग्रजी अमलांतील पहिला मोठा करार गव्हर्नर जेरल्ड आँजियर ह्यानें १६७२ सालीं बेटावरील रहिवाशांशीं केला. रहिवाशांनीं दरवर्षीं २०,००० झेराफिन सरकारास द्यावे, व सरकारनें त्यांच्या जमिनींवरील आपले दावे सोडून त्या त्यांच्याकडे निर्वेध चालूं द्याव्या, असा त्याचा आशय होता. करार लोकांच्या प्रतिनिधींशीं झाला, म्हणून आरंभीं तो जाहीरच होता. 'पेन्शन अँड टॅक्स' ह्या नांवानें मुंबईच्या जमीनधाऱ्यांत ओळखला जाणारा प्रकार त्यांतून निघाला. पण पुढें कराराचा शब्द न् शब्द जाणणारी पिढी गेली, नव्या जमिनी भरून निघाल्या, फोरासाचे व इतर धारे वाढले, आणि कोणाची जमीन कोणत्या शर्तीनें आहे ह्याचे वाद पडूं लागले. ते निस्तरण्यासाठीं सरकारचे मुख्य चिटणीस फ्रान्सिस वॉर्डन ह्यांस १८१४ सालीं मुंबईच्या जमीनधाऱ्यांवर विस्तृत अहवाल लिहावा लागला, व तोहि छापला गेला १८६१ सालीं. मधल्या काळांत, १८५१ सालीं, फोरासाच्या जमिनींविषयीं कायदाच करावा लागला. मूळ करार सह्यांनिशीं झाला होता. उणीव होती ती तो पुढील पिढ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची.

५

ह्या पार्श्वभूमीवर माहीमचा बांध पाहावयाचा. माहीमची खाडी एके काळीं दोन राज्यांची सरहद्द होती. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतल्यापासून १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेईपर्यंत खाडीच्या दक्षिणेस माहीमचा किल्ला कंपनीचा, तर उत्तरेस वांद्रें मराठ्यांचें. सालबाईच्या तहानें, १७८२ सालीं, साष्टी कायमची इंग्रजांकडे राहिली व सरहद्द नाहींशी झाली. पण पाणी राहिलेंच. शीव येथें गव्हर्नर जोनाथन डंकन ह्याच्या कारकीर्दींत बांध होऊन मुंबई साष्टीस जोडली गेली, व त्या बांधावर वाटसरूंकडून पथकर घेतला जाऊं लागला. माहीमाहून वांद्र्यास मात्र तरींतून जावें लागे, आणि पावसाळ्यांत खाडी ओलांडणें जिवावरचें होतें.

येथें बांध घालावा ही मागणी जुनी होती. कंपनी सरकारनें खर्चास हात आंखडता घेतला. १८३३ च्या सनदी कायद्यानें मुंबईच्या गव्हर्नरास हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलाच्या पूर्वसंमतीवांचून नवी जागा निर्माण करण्याची किंवा नवा पगार, बक्षीस वा भत्ता देण्याची मोकळीक ठेविली नव्हती, हेंहि त्या काळच्या मुंबई सरकारच्या हिशेबी वृत्तीचा विचार करितांना ध्यानांत ठेवावें लागतें. अशा स्थितींत सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी लेडी आवाबाई ह्या पुढें आल्या. जमशेटजींस १८४२ सालीं 'सर' ही पदवी मिळाली होती. आवाबाईंनीं प्रथम १,००,००० रुपये दिले. काम अर्ध्यावर आलें असतां पैसा अपुरा पडूं लागला तेव्हां आणखी ५७,००० दिले. एकूण १,५७,००० हा आंकडा बहुतेक ग्रंथकार देतात. १८४५ च्या एप्रिलच्या ८ तारखेस गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर ह्यांच्या हस्तें बांध वाहतुकीस खुला झाला. माहीमांतून बांधाकडे जाणारा रस्ता लेडी जमशेटजींच्या नांवानें आजहि ओळखला जातो.

आवाबाईंनीं देणगीबरोबर एक अट घातली होती: ह्या बांधावरून जाणाऱ्यांकडून सरकारनें पथकर घेऊं नये.

ह्या देणगीविषयीं वांद्र्याच्या मोत माउलीस बोललेल्या नवसाची एक आख्यायिका पुष्कळ सांगितली जाते. मूल आजारी पडलें, नवस बोलला, पण खाडीमुळें देवळास जाणें कठीण झालें, म्हणून बांध, अशी ती कथा. आख्यायिकेनें लोकांच्या मनांत दात्याविषयीं केवढा आदर होता हें कळतें. परंतु तिच्यामुळें एक तोटा झाला आहे. नवस सर्वांस ठाऊक. अट फारच थोड्यांस ठाऊक. वास्तविक ह्या सर्व व्यवहारांत लोकांच्या दृष्टीनें मोलाची गोष्ट ती अटच होय. रक्कम सरकारास पोंचली, बांध पक्का झाला, त्या दोन गोष्टी एकदां होऊन संपल्या. अट मात्र दर दिवशीं, दर वाटसरूच्या बाबतींत पाळावयाची होती.

आणि येथेंच चौथा प्रश्न उभा राहतो. करार दोघांमध्यें: दाता व सरकार. लाभ तिसऱ्याचा: वांद्र्याची कोळीण, माहीमचा वाडवळ, भाजीची पाटी घेऊन मुंबईस येणारा शेतकरी. हा तिसरा करारांत सहीदार नाहीं, दप्तरांत त्याचें नांव नाहीं. उद्यां कोणी नाक्यावर आडकाठी घालून पैसा मागितला, तर 'ही वाट मोफत म्हणून विकत घेतलेली आहे' असें तो केव्हां म्हणूं शकेल? त्याला तें ठाऊक असेल तरच. रस्त्यास दिलेलें नांव दात्याची स्मृति राखतें. पण नांवांत रक्कम नसते, सरकारचा वांटा नसतो, अट नसते. नाशिकच्या भिक्षूस भिंत वाचून जें कळत होतें, तें केवळ पाटी वाचून माहीमच्या वाटसरूस कळत नाहीं.

त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या एका दानाशीं तुलना करणें उपयुक्त होईल. जमशेटजींनीं रुग्णालयासाठीं १,००,००० रुपये देऊं केले ते, सरकारनेंहि तितकीच रक्कम घालावी, ह्या अटीवर. १८४३ च्या जानेवारींत कोनशिला बसली, व १८४५ सालीं तें रुग्णालय सुरू झालें. येथें अट सरकारच्या वर्गणीविषयीं होती, व ती इमारत उभी राहतांच पुरी झाली. माहीमची अट वेगळ्या जातीची. ती पुरी होण्याचा दिवसच नव्हता. अशा कायमच्या अटींस कायमच्या जाहीर नोंदीची अधिक गरज असते, आणि नेमकी त्यांचीच नोंद अधिक सहज विसरली जाते.

पुढें माहीमच्याच उपसागरावरून वांद्रें-वरळी सागरी सेतु झाला. तो ३० जून २००९ रोजीं खुला झाला व त्यावर पथकर ठेविला गेला. दोन्ही मार्ग वांद्र्यासच जाऊन मिळतात. दोहोंचा खर्च कोणीं किती उचलला, कोणत्या शर्तीवर, व त्या शर्ती किती काळाच्या, हें दोन्हीकडून जाणाऱ्यांस सारखेंच कळावयास हवें. एकाचा आंकडा पावणेदोनशें वर्षांपूर्वींचा व दुसऱ्याचा आपल्या काळांतला, एवढ्यानें प्रश्नाचें स्वरूप बदलत नाहीं.

६

१८४३ सालीं, म्हणजे माहीमास बांधाचें काम चालूं असतां, त्याच मुंबई सरकारनें दक्षिण महाराष्ट्रांत इनामांची चौकशी आरंभिली. पुढें १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले. आपलें इनाम खरें असल्याचा पुरावा इनामदारानें द्यावा, असा तिचा रोख होता. पिढ्यानुपिढ्या चाललेला भोगवटा पुरेसा मानला गेला नाहीं. कागद मागितला गेला. ज्यांनीं सनद जपली ते तरले. ज्यांची आगींत, लुटींत, वाळवींत गेली ते बुडाले. पूर्वीं मोकदम, देशमुख व हुजूर दप्तर ह्यांच्याकडील प्रतींचा जो आधार होता, तो गोतसभेबरोबरच मोडला होता. आणि हुजूर दप्तराच्या किल्ल्या आतां चौकशी करणाऱ्याच्याच हातीं होत्या. दानाची नोंद एका पक्षाच्याच कपाटांत राहिली म्हणजे काय होतें, ह्याचें ह्याहून कठोर उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत शोधावें लागेल. १८६३ च्या कायद्यांनीं सरसकट तडजोड होऊन ही घालमेल बरीचशी शमली.

त्या चौकशीमुळें जमलेले व राखले गेलेले कागद पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसांत राहिले. गणेश चिमणाजी वाड ह्यांनीं केलेल्या निवडी पुढें छापल्या गेल्या. 'सनदापत्रांतील माहिती' हा मावजी व पारसनीस ह्यांनीं संपादिलेला खंड १९१३ सालीं निघाला. आणि रियासतकार सरदेसाई ह्यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध केले. तोंपर्यंत राजवाडे व त्यांचे सहकारी घरोघरचीं दप्तरें धुंडाळीत हिंडत होते, तें सरकारी दप्तराचें दार सामान्य संशोधकास बंद होतें म्हणूनहि.

आज कायदा बदलला आहे. महाराष्ट्रानें २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, व २००५ सालीं संसदेचा कायदा आला. त्याच्या ४ थ्या कलमानें प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर कर्तव्य घातलें आहे कीं, अनुदानाच्या योजना कशा राबविल्या जातात, त्यांस किती रक्कम नेमली आहे, लाभार्थी कोण, व सवलती कोणास दिल्या, हें कोणी मागण्याची वाट न पाहतां आपण होऊन प्रसिद्ध करावें. 'मागण्याची वाट न पाहतां' हे ह्यांतील महत्त्वाचे शब्द. उषवदातानें निगमसभेंत जें ऐकविलें तेंहि कोणी अर्ज केला म्हणून नव्हे. कायदा नवा असला तरी त्यांतील तत्त्व ह्या भूमीस अपरिचित नाहीं, एवढें येथें नमूद करावेंसें वाटतें. मात्र लाभार्थ्यांची यादी ही अर्धीच नोंद होय. शर्ती कोणत्या, किती काळाच्या, व त्या कोणाच्या हिताच्या, हें सांगितल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

७

शेवटीं संग्राहकांस उद्देशून दोन शब्द. सरकारच्या दप्तरावर आपण टीका करितों, परंतु आपल्या पेट्यांतूनहि दानपत्रें आहेत, व त्यांतील पुष्कळ दुसऱ्या कोणींहि पाहिलेलीं नाहींत. जो कागद मूळ चार घरीं असावा म्हणून लिहिला गेला, तो एका पेटींत बंद ठेवणें म्हणजे त्याच्या हेतूसच मुरड घालणें होय. म्हणून सूचना अशा:

दानपत्र प्रसिद्ध करितांना दाता, प्रतिग्रही व तिथि ह्यांबरोबर उत्पन्नाचें मूळ, रक्कम, अट आणि पत्राच्या प्रती कोणास गेल्या हें न गाळतां द्यावें. गधेगळीचें छायाचित्र घेतांना जमिनींत पुरलेला खालचा भाग मोकळा करून संपूर्ण दगडाचें घ्यावें. एकोणिसाव्या शतकांतील छापील पुस्तकांच्या आरंभीं वा अखेरीस आश्रयदात्यांच्या याद्या, दक्षिणा प्राइज कमिटीचें साहाय्य व सरकारनें घेतलेल्या प्रतींची संख्या असते; बांधणी करितांना तीं पानें व वेष्टणें फाडून टाकूं नयेत. देवळें, धर्मशाळा, तळीं, पूल ह्यांसंबंधीं वर्गणीच्या वह्या कोणाच्या घरीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल तरी मंडळाकडे द्यावी.

माहीमच्या बांधासंबंधीं विशेष विनंति अशी कीं, त्या काळच्या मराठी, गुजराथी वा पोर्तुगीज भाषांतील खासगी पत्रें, वर्तमानपत्रांचीं कात्रणें किंवा हिशेबाचे कागद वांद्रें, माहीम व वसई येथील जुन्या घराण्यांतून मिळण्यासारखे आहेत. त्यांत पथकराच्या अटीचा उल्लेख कोठें, कोणत्या शब्दांत व कोणाच्या तोंडीं येतो हें पाहिलें पाहिजे. ती अट त्या वेळच्या कोळ्यास व वाडवळास ठाऊक होती काय, ह्या प्रश्नाचें उत्तर त्याच कागदांत मिळेल. जाणकारांनीं ते उजेडांत आणावे.